मिशनच्या बाकावर शेजारी कोण बसलं होतं?

जून जवळ आला की धाराशिवहून एक फोन हमखास येतो. यंदा आतेबहिणीचा आला. सलाम-दुआ झाली, पावसापाण्याचं बोलणं झालं आणि मग ती मुद्द्यावर आली. "भाई, पोरीला कॉन्व्हेंटात घालू का नको?"

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिचा संस्थाचालक माळकरी का असेना. पण बहीण म्हणत होती ती शाळा खरोखरच ख्रिस्ती लोकांची होती. तिला तिथलं सगळं आवडलं होतं. गॅदरिंग, विज्ञान प्रदर्शन, खेळाचा तास, मुलींना स्टेजवर उभं राहून बोलायला लावणं. अडत होतं ते एवढ्यावरच की मोहल्ल्यातल्या दोघीतिघींनी तिला सांगितलं होतं, रोज सकाळी प्रार्थना असते, नाताळात येशूचं नाटक बसवतात, पोरगी हातची जाईल. गंमत म्हणजे तिच्या शेजारच्या हिंदू मैत्रिणीलाही तिच्या घरच्यांनी हेच सांगितलं होतं, शब्दसुद्धा तेच.

ही भीती आजची नाही. तिला पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली आणि महाराष्ट्राचा अर्ध्याहून अधिक आधुनिक इतिहास या भीतीच्या आसपास घडला आहे. बहिणीला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मुंबईत इंग्रजी शाळा काढली. आजचं विल्सन कॉलेज तिचंच पुढचं रूप. सगळ्या जातीधर्मांची मुलं तिथे येत. इंग्रजी येतं म्हणून येत, बायबलचा तास सहन करत. मे १८३९मध्ये या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि मुंबईत हलकल्लोळ झाला. पारशी समाज कोर्टात गेला. शाळेचे बाक रिकामे झाले. पारशीच नव्हे, हिंदू पालकांनीही मुलं काढून घेतली.

म्हणजे पालकांची भीती अगदीच निराधार होती असं म्हणता येत नाही. मिशनऱ्यांना धर्मांतर हवंच होतं, त्यांनी ते कधी लपवलंही नाही. शाळा हा त्यांच्यासाठी त्या वाटेवरचा एक टप्पा होता. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की एक तर देवदूत नाहीतर कपटी, असे दोनच साचे तयार आहेत. दोन्हींचा इतिहास वाचताना उपयोग होत नाही.

आता पुण्यात या. मुंबईच्या त्या गदारोळाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. गोविंदराव फुले या फुलांच्या व्यापाऱ्याने आपल्या मुलाला मराठी शाळेतून काढून बागेच्या कामाला लावलं होतं. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, हा सल्ला त्यांना मिळाला होता आणि त्यांनी तो मानला होता. मुलाचं लग्नही झालं होतं, तेराव्या वर्षी. अशा वेळी दोन माणसं गोविंदरावांकडे गेली. एक फारसीचे शिक्षक मुन्शी गफ्फार बेग आणि दुसरे लिजिट साहेब. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. मुलगा बुद्धीचा आहे, त्याला वाया घालवू नका, असं त्यांनी बापाला पटवलं. १८४१मध्ये ज्योतीरावांचं नाव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झालं.

मुन्शीजींच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शेजाऱ्याच्या पोराला पाद्र्याच्या शाळेत घाला असं सांगायचं, तेही १८३९ ताजं असताना. उद्या पोरगं ख्रिस्ती झालं तर बाप पहिल्यांदा कुणाच्या दारात येईल? तरीही ते बोलले. गफ्फार बेग यांच्याबद्दल आपल्या समाजात फारसं बोललं जात नाही. आपण टिपू आणि औरंगजेबावर रात्र रात्र भांडू, पण पुण्यातल्या एका पोराची शाळा वाचवणाऱ्या या शिक्षकाच्या नावाने एखादं वाचनालयही माझ्या पाहण्यात नाही.

ज्योतीराव शाळेत असतानाच मुंबईत दुसरा भडका उडाला. सप्टेंबर १८४३मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनरी नेस्बिट यांच्या घरी राहायला गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण त्यांच्याबरोबर जेवला होता आणि त्या काळी तेवढं पुरेसं होतं. बाप कोर्टात गेला, कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. पण खरा पेच तिथून पुढे होता. बाटलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू घेतली आणि त्यासाठी सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. मुलगा परत आणून देण्यासाठी कोर्टात जाणारा समाज, तो परत आल्यावर मात्र दार उघडायला तयार नव्हता. ही गोष्ट मला मूळ धर्मांतरापेक्षा जास्त बोलकी वाटते.

आणि पुण्यातल्या मिशनच्या शाळेत तेव्हा काय चाललं होतं? बायबलचा तास होता, इंग्रजी होतं, गणित होतं. पण शाळा म्हणजे काही फक्त तास नव्हे. मधल्या सुट्टीत, येता-जाता, घरी परतताना जे होतं ते वेळापत्रकात कधीच नसतं. ज्योतीरावांना तिथे सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे भेटले. तिघेही ब्राह्मण. एरवी माळ्याचा मुलगा आणि भटांची मुलं अशी रोज शेजारी बसतील, एकच पुस्तक वाचतील, एकमेकांच्या चुका काढतील, अशी जागा त्या काळच्या पुण्यात दुसरी कुठली होती? पेशवाई जाऊन पंचवीस वर्षंही झाली नव्हती.

या मुलांनी शिवाजी महाराजांचं आणि वॉशिंग्टनचं चरित्र वाचलं. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ज्योतीराव दांडपट्टा शिकले. १८४७मध्ये शाळा संपता संपता टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' हाती आलं. इथे मला दर वेळी हसू येतं. हा पेन म्हणजे ज्याने दुसऱ्या एका पुस्तकात खुद्द बायबलची चिरफाड केली होती, पाद्री मंडळींचा नावडता माणूस. मिशनने इंग्रजी शिकवलं आणि पोरांनी त्या इंग्रजीतून पेन वाचला.

ज्योतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. गोवंडे, वाळवेकर, परांजपेही झाले नाहीत.

१८४८मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ज्योतीरावांचा अपमान झाला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. ती सांगताना एक बाजू सुटते. वरातीला बोलावणारा मित्रही होताच की. शाळेत जुळलेलं नातं वरातीत टिकलं नाही, तरी पुढच्या कामात टिकलं. गोवंडे नोकरीसाठी अहमदनगरला गेले होते. ज्योतीराव त्यांच्याबरोबर नगरला गेले आणि तिथे त्यांनी अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली. या फरारबाई १८२७मध्ये मुंबईत उतरल्या, १८३९पासून नगरला होत्या आणि १८६२मध्ये तिथेच वारल्या. ही शाळा पाहून आल्यावर मुलींसाठी काहीतरी करायचं मनात पक्कं झालं, हे ज्योतीरावांनी पुढे स्वतः सांगितलं आहे, तेही 'ज्ञानोदय'मध्ये, म्हणजे त्याच मिशनच्या नियतकालिकात. १८४८मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा, मदतीला शाळेतले तेच मित्र. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षणही नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये झालं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

मिशनच्या शाळेतले रिवाजही या मंडळींनी उचलले. वर्षाची परीक्षा चार भिंतींत न घेता गावासमोर घ्यायची, मुलांना उभं करून प्रश्न विचारायचे, बक्षिसं वाटायची. १८५३मध्ये फुल्यांच्या शाळांमधल्या मुलींची अशी जाहीर परीक्षा झाली तेव्हा बघायला पुण्यातली अलोट गर्दी लोटली होती. मुली वाचतात हेच बघायचं होतं लोकांना.  या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५मध्ये तो 'ज्ञानोदय'ने छापला. एका शाळकरी मुलीचा निबंध आणि त्यात धर्मग्रंथांनाच उलट सवाल!

फातिमा शेख यांच्यावरून अलीकडे बराच वाद घातला गेला. मी त्यात फार शिरत नाही. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तिथून त्यांनी ज्योतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे शाळेच्या कामाचा भार तिच्यावर पडला असेल याची काळजी त्यात आहे. दूर असताना कामाच्या ओझ्यासाठी जिची आठवण होते ती सहकारीच असते.

ज्योतीरावांनी स्वतःही हिशेब चुकता ठेवला. लहानपणच्या मुसलमान खेळगड्यांच्या संगतीमुळे आपल्या मनात जातिभेदाविषयी खरे विचार येऊ लागले, असं त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नोंदवून ठेवलं आहे. पैगंबरांवर त्यांनी 'मानव महंमद' हा अखंड लिहिला. आणि पैशांची ओढाताण झाली तेव्हा, १८५४मध्ये, ते त्याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत अर्धवेळ शिक्षक म्हणून परत गेले. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना मिशनच्या मुलींच्या बोर्डिंग शाळेत शिकवल्याचा अनुभव त्यांनी आवर्जून सांगितला. शाळेशी त्यांचं भांडण नव्हतं, शाळेचे ते अंकितही नव्हते.

आता तो दुसरा विद्यार्थी, नारायण शेषाद्री. त्याचं काय झालं हे मराठवाड्यातल्या माणसाने तरी माहीत करून घ्यायला हवं, कारण तो आपल्याकडेच आला. १८५४मध्ये तो पाद्री झाला आणि पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याला, त्याने काम उभं केलं. जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. वस्ती मुख्यतः मांग आणि महार कुटुंबांची. शेती, शाळा, कारागिरी सगळं तिथे. या गावासाठी जमीन कुणी दिली? हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी. मुसलमान दिवाणाने, ब्राह्मणाच्या घरातून ख्रिस्ती झालेल्या पाद्र्याला, गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी जमीन दिली. निजामी राजवटीचं मी उगाच कौतुक करत नाही. मराठी मुलांना पुढे उर्दूतून शिकावं लागलं, आमच्या जिल्ह्यात हायस्कुलं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि शिकायचं म्हटलं की पोरं सीमा ओलांडून सोलापूर-बार्शी गाठायची. पण बेथेलची जमीन हीही त्याच राजवटीची गोष्ट आहे.

आणखी एक तपशील राहिला. ज्या पारशी समाजाने १८३९मध्ये मिशनच्या शाळेतून मुलं काढून घेतली, त्याच समाजातल्या सर दिनशा माणेकजी पेटिट यांचं नाव त्याच शतकाच्या अखेरीस नगरच्या अमेरिकन मिशनच्या औद्योगिक शाळेला लागलेलं दिसतं. सुतारकाम, धातुकाम शिकवणारी शाळा. पन्नास-साठ वर्षांत भीतीचं काय होतं ते बघा.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं, अर्थात एवढं लांबवून नव्हे. ती मध्येच म्हणाली, "भाई, तुझं ते फुल्यांचं ठीक आहे, पण प्रार्थनेचं काय?" मी म्हटलं, ते हेडबाईंना जाऊन सरळ विचार. ती गेली, विचारून आली. मग पोरीलाच विचारलं, तुला का जायचंय तिथे? पोरगी म्हणाली, वरच्या गल्लीतली तिची मैत्रीण त्याच शाळेत जाते, दोघींना एका बाकावर बसायचंय. फॉर्म परवा भरला.