वाचा आणि भाकरी



माझे शालेय शिक्षण बेताचेच. जे काही शिकलो ते वाचनालयात, कारखान्यांच्या दारांवर आणि गोदाकाठच्या अशा व्याख्यानांना बसून. तेव्हा वाचा-उपचारावर, म्हणजे दवाखान्यात ज्याला स्पीच थेरपी म्हणतात त्यावर, एका कामगार कार्यकर्त्याने काय बोलावे, असे कोणास वाटले तर नवल नाही. परंतु कामगार चळवळीचा इतिहास हा वाचा फुटण्याचाच इतिहास आहे, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली. त्याच सुमारास त्याच मुंबईत बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा निघाली. देशातील अशा अगदी पहिल्या शाळांपैकी ती एक. लोखंड्यांचे नाव आपण घेतो, त्या शाळेचे घेत नाही. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच होता: ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याने बोलावे कसे?

मेंदूच्या डाव्या भागातील एका ठराविक जागी इजा झाली की बोलणे जाते, हे पॅरिसच्या ब्रोका नावाच्या शल्यवैद्याने १८६१ सालीच दाखविले होते. पण असे उपचार करणारी माणसे आपल्या देशात रीतसर तयार होण्यास त्यानंतर एक शतक लागले. १९६६ च्या सुमारास मुंबईचे नायर रुग्णालय आणि म्हैसूर येथे हे शिक्षण सुरू झाले. १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

आता माझ्या पदरचा एक अनुभव सांगतो. १९९८ साली सातपूरच्या एका कारखान्यातील आमचा सभासद अर्धांगाच्या झटक्यातून उठून कामावर आला. हातपाय सुधारले होते, बोलणे नव्हते. हुकूम मोडल्याच्या आरोपावरून त्याची चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक आरोप वाचून विचारले, ‘‘हे खरे काय?’’ तो प्रत्येक वेळी ‘‘हो, हो’’ म्हणाला. ती कबुली म्हणून लिहून घेतली गेली. त्याचा प्रतिनिधी म्हणून शेजारी मीच बसलो होतो. गुन्हा कबूलच आहे तर दयेचा अर्ज करावा, असे मीही ठरवून टाकले. नोकरी गेली. मग त्याची बायको मला म्हणाली, ‘‘दादा, ‘नाही’ म्हणायचं असलं तरी त्यांच्या तोंडून ‘हो’च निघतं. घरात आम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारलं का नाही?’’

याला वाचाघात म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. अशा माणसाची बुद्धी बहुधा शाबूत असते. मनातला शब्द जिभेवर येत नाही, किंवा भलताच येतो. वाचा-उपचार करणारा चित्रे दाखवून, खुणा करवून, एकच प्रश्न उलटसुलट विचारून त्याचे खरे उत्तर काढतो आणि हळूहळू गेलेले शब्द परत आणण्याचा यत्न करतो. त्या खोलीत असा एक जाणकार असता, तर कागदावर वेगळे उत्तर उतरले असते.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे ठरविली. त्यांत शिक्षण आहे, सन्मानाचे काम आहे, विषमता कमी करणे आहे. वाचा-उपचाराचे नाव एकाही मथळ्यात नाही. पण ऐकू न येणारे मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर राहते, आणि बोलता न येणारा कामगार न्यायाच्या दारात उभा राहूनही दाराबाहेरच राहतो. मग ती उद्दिष्टे कोणाची? आपल्या देशाने २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आणि त्यांत वाचा व भाषा यांच्या दिव्यांगत्वाला स्वतंत्र जागा दिली. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती.

कायदा आला, पण त्याची वाट पाहणारा आमचा सभासद कामावर परत गेला नाही. म्हणून माझे सांगणे दोनच गोष्टींचे. घरातील माणूस झटक्यानंतर भलतेच बोलू लागला, तर त्याला वेडा ठरवू नका. लवकर उपचाराला न्या. आणि चौकशीच्या टेबलाशी बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, ‘हो’ ऐकल्यावर एकदा प्रश्न फिरवून विचारा. मी तो विचारला नव्हता.