हंगामाची घाई आणि आठवड्याची उसंत

बुलढाणा जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात काय मांडलं आहे ते पाहिलं की महिना सांगता येतो. पोळ्याआधी मठाट्या, गोंडे, झुली आणि वेसणी. पावसाळ्यात तरोटा, कटुर्ली, अंबाडी. दसरा-दिवाळीत घाटातली सीताफळं. संक्रांतीला बोरं, वांगी, हरभऱ्याचे डहाळे. अक्षय तृतीयेला माठ-घागरी. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, त्यात चारोळी आणि मोहफुलांची भर पडते. एवढ्यावरून बाजाराचा हंगाम निसर्गच ठरवतो असं वाटेल, आणि भाजी-फळांपुरतं ते खरंही आहे. मात्र इथल्या शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब दीडशे वर्षं ज्या पिकावर चालला, त्या कापसाचा हंगाम एकट्या निसर्गाने ठरवलेला नाही. तो रेल्वेने, सावकाराच्या वहीने आणि नगदी साऱ्याने ठरवला. त्या घाईत शेतकऱ्याला थोडं थांबण्याची ताकद कुठून मिळाली असेल, तर ती इतिहासकारांनी ज्याची फारशी दखल घेतली नाही, त्या आठवडी बाजारातून.

याच जिल्ह्यातल्या खामगावचा व्यापार 1820 च्या सुमारास सुरू झाला, तोही तूप, सूत आणि थोड्याशा कापसावर. तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. 1825-26 मध्ये विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने तो मुंबईकडे वळवला. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची गरज पडली, आणि 1867 मध्ये मुंबईची रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी जिल्हा ओलांडून नागपूरला पोचली. खामगाव मुख्य मार्गापासून जेमतेम आठ मैल बाजूला राहिलं होतं. तेवढ्यासाठी जलंबहून वेगळा फाटा टाकला गेला आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला. पुढच्याच वर्षी त्याने हिंदुस्थान सरकारचं शेती खातं उघडलं. ते शेतकऱ्यासाठी होतं की मँचेस्टरसाठी, याचं उत्तर वाचकाला सांगायची गरज नाही. आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते वेगळंच. रेल्वेपाठोपाठ वाफेवरच्या जिनिंग-प्रेसिंग गिरण्या आल्या आणि घरोघरचे सरकी काढायचे रेचे बंद पडले. पूर्वी सरकी घरात काढली जाई. रुई वेगळी, सरकी वेगळी, आणि रुई थोडी थोडी विकता येई. आता सरकीसकट कापूस गाडीत भरून जिनाच्या दारात न्यायचा. त्याला जागा फार लागते आणि आगीची धास्ती असते. पावसाळ्याआधी गाठी बंदरावर पोचवायच्या म्हणून खरेदीदारही घाईत. वर्षभर पसरू शकणारी विक्री अशी दिवाळी ते होळी एवढ्यात येऊन दाटली.

यावर साधा आक्षेप असा की कापूस फुटतो तेव्हाच वेचावा लागतो. हंगाम कुणी लादला म्हणणं म्हणजे पिकालाच दोष देणं. वेचणीला हंगाम असतो हे मान्यच आहे. विक्रीलाही तोच असावा, असा मात्र कुठला नियम नाही. ज्वारीही एकदाच कापली जाते, पण वऱ्हाडात ती पेवात भरून पुढच्या वर्षापर्यंत पुरवली जाई. धान्य जमिनीखाली थांबू शकलं आणि कापूस घरात थांबू शकला नाही, यामागे पिकाच्या गुणाइतकंच पैशाचंही कारण आहे: सारा रोख, सावकाराचा हप्ता रोख, आणि रोख देणारं पीक एकच. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, मुदत सहा महिने. प्रश्न केवळ पीक तयार होण्याचा असता तर अशा योजनेची गरजच पडली नसती. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात होणारी भेंडवळची घटमांडणीही इथे आठवते. घटाभोवती अठरा धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पाण्यासोबत भावाची तेजी-मंदीही सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा त्याला विरोध आहे आणि भाकीत म्हणून त्याला आधार नाही, हे खरंच. इतिहासाचा पुरावा म्हणून मात्र ती मांडणी बोलकी आहे: जवस, करडई, भादली, लाख अशी जुन्या वावरातली धान्यं तिच्यात आहेत, आणि पावसाइतकीच भावाची चिंता तिच्यात मांडलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाजारातल्या लुबाडणुकीवर कायद्याने उपाय केलाच की! कापूस आणि धान्य बाजारांचा वऱ्हाडातला 1897 चा कायदा हा देशातला या प्रकारचा पहिला कायदा. मापारी, अडते यांना परवाने, वजनावर देखरेख, बाजार समिती हे सगळं त्यात होतं, आणि पुढे 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर असे बाजार असावेत असं सुचवलं. पण त्या समितीत जागा होत्या त्या व्यापाऱ्यांना आणि नगरपालिकेच्या प्रतिनिधींना. पिकवणाऱ्याला त्यात खुर्ची नव्हती, आणि आयोगाने या उणिवेवर बोट ठेवलं. शिवाय काटा खरा केला म्हणून विकण्याची घाई संपत नाही. खरा काटा घाईत विकलेल्या मालाचंही वजन बरोबरच दाखवतो. 1972 पासूनच्या सरकारी कापूस एकाधिकार खरेदीने भावाची हमी दिली, तरी चुकारा लांबला की लहान शेतकरी मिळेल त्या दराने रोख देणाऱ्याकडे वळायचा. योजना कागदावर चुकीची नव्हती. आठवड्याच्या खर्चाचा विचार तिच्यात नव्हता.

तो विचार आठवडी बाजारात आपोआप होतो. तिथली उलाढाल किरकोळ आहे, हा तिसरा आक्षेप. मेथीच्या जुड्या आणि चार अंडी विकून कापसाचं कर्ज फिटत नाही हे खरं. पण तुलना कर्जाशी करायचीच नाही. ती मीठ-तेल, औषधपाणी, एसटीचं भाडं, मुलांच्या वह्या यांच्याशी करायची. एवढं बाजारातून निघालं तर कापूस किंवा तूर आणखी महिनाभर घरात राहू शकते. शिवाय भाजीच्या पालाशी बहुतेक बाई बसलेली असते आणि पैसा तिच्या हातात येतो. सोयाबीनने आता हंगाम पुढे खेचून दसरा-दिवाळीवर आणला आहे, म्हणजे सणाचा खर्च आणि पडता भाव एकाच वेळी दारात. अशा वेळी आठवड्याच्या रोकडीची गरज वाढलीच आहे.

सरकारने 2016 मध्ये भाजीपाला-फळं बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केली आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू केलं. कल्पना चांगली आहे, पण तिची ओढ शहरी गिऱ्हाइकाकडे आहे. खेड्यातला जुना बाजार ज्या ग्रामपंचायतीच्या जागेवर भरतो, तिला 1958 च्या कायद्याने बाजार फी घेण्याचा अधिकार आहे, आणि त्या वसुलीचा लिलाव दरवर्षी होतो. पाल टाकणाऱ्याकडून पावती फाडून घेतलेल्या या पैशातून आधी ओटे, सावली, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह झालं पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत लिलावाच्या रकमेचा हिशेब मागा.