भातखाचरातून हिरवळीवर

अमेरिकेत घराभोवती दोन-चार एकर जागा असलेला माणूस ट्रॅक्टर घ्यायला निघाला, की त्याच्यासमोर येणारं यंत्र साधारण ठरलेलं असतं. वीस-पंचवीस अश्वशक्तीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ओढ, मागे हायड्रॉलिक लिफ्ट आणि थ्री पॉइंट लिंकेज, अवजार फिरवणारा पीटीओ, पोटाखाली गवत कापणारा डेक, पुढे माती उचलणारा लोडर. तिकडे याला कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर म्हणतात, आपल्याकडे मिनी ट्रॅक्टर. हे यंत्र उपनगरातल्या हिरवळीसाठी घडवलं गेलं असा समज तिथे रूढ आहे, आणि कापलेल्या गवतावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र छापणाऱ्या जाहिरातींनी तो पक्का केला आहे. इतिहास पाहिला तर या यंत्राची ठेवण हिरवळीवर ठरलेली दिसत नाही. ती ठरली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये, जेमतेम अडीच एकर जमिनीचा नव्याने मालक झालेल्या भातशेतकऱ्याच्या चिखलात. हे मूळ ओळखलं, तर कोणी हा ट्रॅक्टर घ्यावा आणि कोणी घेऊ नये, हेही नीट उमगतं.

गवत कापण्याच्या यंत्राची वंशावळ यापेक्षा जुनी आणि वेगळी आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणून झालेल्या कापडावर उभी राहिलेली लव एका फिरत्या पात्याच्या यंत्राने सारखी छाटली जाई. त्या यंत्रावरून एडविन बडिंग याला गवत छाटण्याची कल्पना सुचली आणि 1830 साली त्याने पेटंट घेतलं. तोवर हिरवळ राखायची तर लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापणारे कसबी मजूर लागत, नाहीतर मेंढ्या चरायला सोडाव्या लागत. त्यामुळे तुळतुळीत हिरवळ ही जमीनदारांचीच मिरास होती. पुढे गवत कापण्याची मोठी यंत्रं, म्हणजे मोअर, घोड्यांनी ओढली जाऊ लागली, तेव्हा खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवत. 1890च्या दशकात वाफेचे मोअर आले, आणि 1902 साली इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोल इंजिनाचा मोअर विक्रीला आणला. या घराण्यातलं प्रत्येक यंत्र एकच काम करण्यासाठी जन्मलं: जमिनीला धक्का न लावता तिच्यावरचं गवत सारखं करणं. अमेरिकेत 1947 नंतर लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि आठवड्यातून एकदा गवत कापण्याचं बंधनच घरमालकांवर आलं. तरी तिथला भूखंड होता 60 फूट बाय 100 फूट. तेवढ्यासाठी ट्रॅक्टर कोणालाच लागत नव्हता, ढकलायचा मोअर पुरे होता.

ट्रॅक्टरची वंशावळ सरळ शेतातून निघते. 1918 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने पीटीओ बसवलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि इंजिनाची ताकद चाकांबरोबरच मागच्या अवजारालाही मिळू लागली. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने अवजार तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची पद्धत बसवली. 1938 साली हेन्री फोर्डशी त्याचा निव्वळ हस्तांदोलनावर करार झाला, आणि पुढच्याच वर्षी फोर्ड 9एन बाहेर पडला. हलक्या ट्रॅक्टरनेही भारी नांगर ओढता यावा, हा फर्ग्युसनचा ध्यास होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर छोटा शेतकरीच होता. मात्र अमेरिकेत नेमका तोच शेतकरी नाहीसा होत होता. 1935 साली त्या देशात सुमारे 68 लाख शेतं होती. 1974पर्यंत ती 23 लाखांवर आली. शेतं एकमेकांत विलीन झाली, ट्रॅक्टर आकाराने वाढत गेले, आणि कंपन्यांनी आपली बुद्धी व भांडवल शंभर अश्वशक्तीच्या पुढच्या यंत्रांकडे वळवलं. लहान यंत्राचा विचार तिथे खुंटला.

जपानमध्ये याच काळात उलटं घडलं, आणि ते घडवलं एका कायद्याने. 1946 पासून अमेरिकी ताब्याच्या काळात जमीनसुधारणा राबवली गेली. गावात न राहणाऱ्या जमीनदाराची कुळाकडे असलेली जमीन सरकारने विकत घेतली. गावातल्या जमीनदाराला कुळाकडे ठेवता येणारी जमीन होक्काइडोबाहेर सरासरी एक चो, म्हणजे सुमारे एक हेक्टरवर, आणली गेली आणि उरलेली कसणाऱ्याच्या नावे झाली. आधी शेतजमिनीचा जवळपास 46 टक्के भाग कुळांकडे होता, काही वर्षांत तो साधारण 10 टक्क्यांवर आला. या धोरणाची आखणी करणाऱ्यांत वुल्फ लाडेजिन्स्की हे नाव महत्त्वाचं. हेच लाडेजिन्स्की पुढे भारतात काम करत राहिले आणि 1972-73च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळावर त्यांनी जाणिवेने लिहिलं. कुळाचा मालक झाला की यंत्राचं गणित बदलतं. आपल्या नावावरच्या जमिनीत घातलेला पैसा आपल्याच घरात राहतो, म्हणून शेतकरी यंत्र घ्यायला धजावतो. त्यातच गावातली तरुण माणसं कारखान्यांकडे निघाली होती आणि रोपलागणीच्या हंगामात हात कमी पडत होते. 1950च्या दशकात आधी चालत्या माणसाने धरायचे पॉवर टिलर गावोगाव पसरले. मग त्यांना चार चाकं आणि बसायला जागा मिळाली. बिडाच्या ओतकामापासून 1890 साली सुरुवात केलेल्या ओसाकाच्या कुबोटा कंपनीने 1960 साली आपला ट्रॅक्टर आणला. मागोकिची यामाओकांच्या यानमारने तर 1933 सालीच लहान आकाराचं, रोजच्या वापराला टिकणारं डिझेल इंजिन करून दाखवलं होतं. दोन्ही धागे जुळले आणि अमेरिकी कंपन्यांना गरज न वाटलेलं यंत्र तयार झालं: बैलाइतकी जागा घेणारा, चार चाकांनी ओढणारा डिझेल ट्रॅक्टर.

आता या यंत्राचा एकेक अवयव तपासून पाहा. भाताच्या चिखलात जड ट्रॅक्टर रुततो, म्हणून वजन कमी ठेवावं लागलं. तेच कमी वजन हिरवळीवर उपयोगी पडतं, कारण ओल्या गवतात चाकोरी उमटत नाही. चिखलात मागची दोन चाकं जागच्या जागी फिरत राहतात, म्हणून पुढच्या चाकांनाही ओढ द्यावी लागली. पुढे लोडरमध्ये माती भरून मागचं वजन हलकं झालं, की घरमालकाला तीच ओढ तारते. खाचरं लहान, बांध जवळ, त्यामुळे आखूड वळण अपरिहार्य होतं. बागेत तेच वळण झाडाच्या आळ्याभोवती आणि गेटातून आत जाताना कामी येतं. जपानी शेतकऱ्याचं मुख्य अवजार नांगर नव्हतं, फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर होता. त्यामुळे लहान इंजिनाची बरीचशी ताकद पीटीओतून अवजाराला देण्याची व्यवस्था मुळातच पक्की झाली, आणि गवत कापणारा डेक हेही अखेर पीटीओवर फिरणारं पातंच. हिरवळीच्या सोयीसाठी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टींमागे भातखाचराचं कारण सापडतं. पोटाखालचा डेक मात्र अमेरिकी गरजेतून आला, आणि त्याचं श्रेय तिकडेच जातं.

यंत्र समुद्रापार गेलं तेही शेतीच्याच कारणाने. जपानमध्ये तांदूळ गरजेपेक्षा जास्त पिकू लागला आणि 1970च्या सुमारास सरकारने भाताखालचं क्षेत्र कमी करायला सुरुवात केली. घरचा बाजार आक्रसण्याची चिन्हं दिसताच कारखान्यांनी बाहेर पाहिलं. कुबोटाचा एल200 हा ट्रॅक्टर 1969 साली अमेरिकेत पोचला, आणि 1970च्या दशकातच बारा अश्वशक्तीचा चारचाकी ओढीचा बी6000 मागून आला. मग अमेरिकी कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. फोर्डने शिबाउराकडून लहान ट्रॅक्टर बनवून घेतले, जॉन डिअरने 850 आणि 950 ही मॉडेलं यानमारकडून. हिरव्या-पिवळ्या रंगाखाली जपानी यंत्र अमेरिकी घराच्या अंगणात उभं राहिलं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की अमेरिकेत लहान ट्रॅक्टर आधीपासून होतेच. होते, आणि चांगले होते. 1946 साली इंडियाना राज्यात व्हील हॉर्सची सुरुवात झाली, 1947 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरचा फार्मऑल कब आला, 1961 साली त्याच कंपनीचा सात अश्वशक्तीचा कब कॅडेट, 1963 साली जॉन डिअरचा 110. क्लच न दाबता मागे-पुढे नेणारी हायड्रोस्टॅटिक रचना 1960च्या दशकातच बागेच्या ट्रॅक्टरवर आली आणि आज ती सर्वत्र आहे. तरीही ही यंत्रं मुख्यतः पेट्रोलवर आणि मागच्या दोन चाकांवर चालणारी होती. त्यांतली बहुतेक मोअरच्या घराण्याकडे झुकलेली, आणि कबच्या मागे फर्ग्युसनची प्रमाणित जोडणी नव्हती. माती हलवणं, खड्डे घेणं, रोटाव्हेटर फिरवणं आणि शिवाय गवत कापणं, हे सगळं एका लहान देहात बसवण्याचं काम जपानी यंत्राने केलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: थ्री पॉइंट लिंकेज फर्ग्युसनचं, पीटीओ अमेरिकेचा, फिरत्या पात्यांचं अवजार ऑस्ट्रेलियाच्या क्लिफ हॉवर्डचं, मग जपानी शेतकऱ्याचं काय राहिलं? त्याचं राहिलं ते प्रमाण. उसन्या कल्पनांना एक हेक्टरच्या मापात बसवणं हे अवघड अभियांत्रिकीचं काम आहे, आणि तशी मागणी लाखो लहान मालकांनी एकदम केली म्हणूनच ते कारखान्यांना परवडलं. मागणी उपनगराने निर्माण केली असंही कोणी म्हणेल. ग्राहक उपनगराने दिला, यात शंका नाही. पण तो ग्राहक दुकानात आला तेव्हा यंत्र तयार होतं.

या वारशात एक धोकाही आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. भाताचं खाचर सपाट करावंच लागतं, नाहीतर पाणी उभं राहत नाही. सपाट जमिनीसाठी केलेला अरुंद बुडाचा ट्रॅक्टर उतारावरच्या हिरवळीवर आडवा चालवला, की तो कलंडू शकतो. भरलेला लोडर वर उचललेला असेल तर नक्कीच. अमेरिकेत 1976च्या ऑक्टोबरनंतर बनलेल्या, मजुरांनी चालवायच्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी संरक्षक कमान सक्तीची झाली. पण तो नियम वीस अश्वशक्तीच्या वरच्या यंत्रांपुरता होता, आणि स्वतःच्या आवारात स्वतः ट्रॅक्टर चालवणारा घरमालक त्याच्या बाहेरच राहिला. पुढे जपानमध्ये वापरून झालेले जुने ट्रॅक्टर स्वस्तात अमेरिकेत येऊ लागले. त्यांच्यावरच्या सूचना जपानीत, सुटे भाग वेगळे. कुबोटाने या आयातीला आव्हान दिलं आणि 1999 साली तिथल्या अपील न्यायालयाने अशी आयात अडवणारा निर्णय कायम ठेवला. कंपनीचा व्यापारी स्वार्थ त्यात होताच, पण सूचना वाचता न येणारं यंत्र घरी आणणं धोक्याचं असतं, हा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही.

महाराष्ट्राशी या कथेचा संबंध दोन वाटांनी येतो. कब कॅडेट बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनेच 1963 साली महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर भारतात ट्रॅक्टर कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला कारखाना उभा राहिला. महिंद्रने 1994 साली अमेरिकेत पाऊल ठेवलं. पुढे 2015 साली मित्सुबिशीच्या शेतीयंत्र कंपनीत एक तृतीयांश हिस्सा घेतला तो लहान ट्रॅक्टरचं जपानी ज्ञान मिळावं म्हणून. दुसरी वाट नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांची. वेलींच्या दोन ओळींमधून ब्लोअर घेऊन फिरायला मोठा ट्रॅक्टर चालत नाही, तिथे हाच अरुंद ट्रॅक्टर लागतो. 2015-16च्या कृषिगणनेत देशातलं सरासरी वहितीक्षेत्र 1.08 हेक्टर निघालं, म्हणजे जपानच्या जमीनसुधारणेनंतर उरलेल्या तुकड्याएवढंच. मिनी ट्रॅक्टर हे गरिबाचं दुय्यम यंत्र आहे अशी आपल्याकडची धारणा या इतिहासापुढे टिकत नाही. श्रीमंत देशातला घरमालक पैसे मोजून घेतो ते यंत्र लहान शेतकऱ्याच्या गरजेने घडवलेलं आहे.

टेक्सास किंवा न्यू जर्सीत जागा घेतलेल्या मराठी कुटुंबाला निवड करायची असेल, तर प्रश्न हाच: काम गवताचं की मातीचं? फक्त गवत कापायचं असेल तर बडिंगच्या घराण्यातला बसून चालवायचा मोअर घ्या. तो स्वस्त, बुटका आणि कापणीला सरस असतो. वाफे, खडीचा रस्ता, खत, खड्डे, लाकूड अशी कामं असतील तरच भातखाचराचा वारस घ्या. अश्वशक्तीच्या आकड्याने दिपून जाऊ नका. चोवीस-साडेचोवीस अश्वशक्तीची इतकी मॉडेलं दिसतात, कारण पंचवीसच्या पुढे तिथले धुराचे नियम कडक होतात आणि इंजिनाला महागडी गाळणी जोडावी लागते. वजन, चाकांमधलं अंतर आणि लिफ्टची ताकद हे आकडे आधी विचारा. आणि झाडाखालून जाताना दुमडलेली कमान बाहेर येताच उभी करा, कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधा, आणि उतारावर आडवं न जाता सरळ वर-खाली चालवा.