अजिंठ्याचे जहाज : छायाचित्र, प्रतिकृती आणि पूर्णाची कथा

प्राचीन भारताच्या नौकानयनावर लिहिलेल्या ग्रंथांत एक चित्र हटकून आढळते. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच व अरुंद शिडे, नाळेकडे वाऱ्याने फुगलेले आणखी एक शीड, बाजूस सुकाणूचे वल्हे आणि मागील भागात छपराखाली मांडलेले रांजण. चित्राखाली 'अजिंठा, लेणे क्र. २' एवढीच नोंद असते. हे जहाज कोणाचे, ते कोठून निघाले, त्यात बसलेला माणूस हात जोडून कोणाला हाक मारीत आहे, याविषयी सहसा एक शब्दही नसतो.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गासह आम्ही अजिंठ्यास गेलो होतो. दुसऱ्या लेण्यात उजेड बेताचा असतो. प्रखर झोताने रंग खराब होतात, म्हणून छायाचित्र घेताना तो वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मार्गदर्शकाने हातातील विजेरीचा मंद प्रकाश उजव्या भिंतीवर टाकला, जहाजाभोवती एक वर्तुळ फिरविले आणि तो पुढे निघाला. सगळ्यांनी त्या वर्तुळापुरतेच छायाचित्र घेतले. आम्हीही घेतले. तेवढ्यात वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे जहाज कुणाचं?" त्या वेळी आम्ही तिला दिलेले उत्तर अपुरे होते. हा लेख त्या उत्तराची भरपाई म्हणून लिहीत आहोत.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे चित्र पूर्णावदानाचे आहे, असे अभ्यासक मानतात. 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात ही कथा विस्ताराने येते. शूर्पारक म्हणजे आपले सोपारा. तेथे भव नावाचा गृहपती होता. तो आजारी पडला आणि त्याच्या कठोर बोलण्याला कंटाळून पत्नीने व मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. घरातील दासीने त्याची शुश्रूषा करून त्याला बरे केले. या दासीच्या पोटी भवाला जो मुलगा झाला, तोच पूर्ण. भविल, भवत्रात आणि भवनंदी हे त्याचे सावत्र भाऊ.

पूर्ण व्यापारात सर्वांत हुशार निघाला. पण वडिलांच्या मृत्यूनंतर वाटणीची वेळ आली तेव्हा भावांनी घर व शेती एका बाजूस, दुकान व परदेशी गेलेला माल दुसऱ्या बाजूस ठेवला आणि तिसऱ्या वाट्यास पूर्णालाच घातले. पूर्णाचा हिस्सा कोठे आहे, असे विचारले असता, तो दासीचा मुलगा, त्याला हिस्सा कोण देणार, आम्ही तर त्याचीच वाटणी केली आहे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एक माणूस वारस म्हणून बसला होता आणि मालमत्ता म्हणून उठला. बौद्ध कथाकाराने ही गोष्ट झाकली नाही. कथेचा पायाच तिच्यावर उभारला. थोरला भविल मात्र माणुसकीचा निघाला. त्याने घरदार व दुकान सोडून पूर्णाचा वाटा घेतला आणि दोघे रिकाम्या हाताने बाहेर पडले.

पुढे पूर्णाने सरपणाच्या मोळीतील गोशीर्ष चंदन ओळखले, त्यावर धन मिळविले आणि सहा वेळा समुद्रपर्यटन केले. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या जहाजावर होते. ते पहाटे काही वचने म्हणत. ही गाणी कोणती, असे त्याने विचारले, तेव्हा ही गाणी नव्हेत, बुद्धवचने आहेत, असे त्याला कळले. 'बुद्ध' हा शब्द त्याने प्रथम जहाजावर ऐकला, मठात किंवा राजसभेत नव्हे. परतल्यावर तो श्रावस्तीस अनाथपिंडिकाकडे गेला, प्रव्रजित झाला आणि दांडगाईसाठी प्रसिद्ध असलेल्या श्रोणापरांतक प्रदेशात धम्मप्रसारासाठी राहिला. तथागतांशी त्या वेळी झालेला त्याचा संवाद पाली मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तातही आहे.

चित्रातले जहाज भविलाचे. चंदनासाठी तो समुद्रावर गेला. चंदनवनाचा स्वामी असलेल्या यक्षाने वादळ उठविले. बरोबरचे व्यापारी शिव, वरुण, कुबेर, शक्र, ब्रह्मा अशा देवांना हाका मारू लागले, भविल मात्र स्तब्ध राहिला. धाकट्या भावाने आपल्याला समुद्रावर जाण्यापासून परावृत्त केले होते, हे त्याला आठवत होते. अखेर सर्वांनी पूर्णाचे स्मरण केले. पूर्ण जहाजाच्या काठावर पद्मासनात प्रकट झाला आणि वादळ शमले. त्या चंदनातून शूर्पारकात भगवान बुद्धांसाठी प्रासाद उभारण्यात आला. चमत्काराचा भाग विवेकी वाचक बाजूस ठेवतील, तसा तो ठेवावाही. पण मागे जे उरते ते लहान नाही: वाटणीत ज्याला वस्तू ठरविले, त्याच्याच नावाने बुडणाऱ्या जहाजावरील माणसे धीर धरतात. अजिंठ्याच्या भिंतीवर चितारले आहे ते हे. जहाज हे त्या कथेचे एक पात्र आहे, संपूर्ण कथा नव्हे.

मग जहाज एकटे कसे पडले? याचा इतिहास प्रतींचा आणि छायाचित्रांचा इतिहास आहे. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी केलेल्या बहुतेक प्रती लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला. त्यांची लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा प्रती करू लागले. त्यांतल्याही अनेक लंडनच्या दुसऱ्या एका आगीत, १८८५ मध्ये, गेल्या. या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्या-पावसाळ्यात केलेल्या कष्टांची आठवण फारच थोडे लोक काढतात. ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मध्ये भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला, त्यात अजिंठ्याचे जहाज पुरावा म्हणून आले. मुखर्जींचा हेतू चांगला होता. भारतीयांना समुद्र ठाऊक नव्हता, या साम्राज्यवादी समजुतीला त्यांना उत्तर द्यायचे होते. परंतु पुरावा म्हणून जहाज तेवढे कापून घेतले की पूर्ण बाहेर राहतो, आणि तो एकदा बाहेर राहिला तो राहिलाच.

गुलाम याझदानी यांनी निजामाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे १९३० ते १९५५ या काळात काढलेल्या अजिंठ्यावरील खंडांत छायाचित्रे विपुल आहेत आणि कथांची ओळखही आहे. पण ते खंड सामान्य वाचकाच्या हाती कोठून पडणार? १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी अत्यल्प प्रकाशात दीर्घ काळ भिंग उघडे ठेवून या चित्रांची छायाचित्रे घेतली. १९२०-२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी रक्षणासाठी दिलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा पडला होता, हे ध्यानात घेता त्या छायाचित्रांत जे रंग दिसले ते पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. जुने छायाचित्र म्हणजे त्या वर्षी भिंतीवर काय शिल्लक होते याचा दाखला होय, आणि रंग झडत जाणाऱ्या भिंतीपुढे असा दाखला मोलाचा ठरतो.

याबाबत जावा बेटावरील बोरोबुदुरचे उदाहरण बोलके आहे. शैलेंद्र राजांच्या काळात आठव्या-नवव्या शतकात उभारलेल्या या महास्तूपाच्या पायाशी कर्मविभंगाचे १६० शिल्पपट पुढे घातलेल्या दगडांआड झाकले गेले होते. ते १८८५ मध्ये लक्षात आले. १८९०-९१ मध्ये कासियान सेफास या जावानीज छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे घेतली आणि पाया पुन्हा झाकण्यात आला. आग्नेय कोपऱ्यातील थोडे पट सोडले तर ही संपूर्ण शिल्पमाला आज आपण पाहू शकतो ती सेफास यांच्या काचांमुळेच.

याच स्तूपाच्या पहिल्या वीथीत जातक व अवदानांच्या पटांत जहाजे कोरली आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जहाज रुद्रायणावदानातील आहे. रोरुक नगर वाळूखाली गाडले जाते, तेव्हा हिरु नावाचा सज्जन अमात्य जहाजातून निसटतो, असा तो प्रसंग. मुखर्जींनी ही जहाजे भारतीय ठरविली. हे मत आता टिकत नाही. जहाजाच्या दोन्ही बाजूंस असलेली उलांडी, तिपाई डोलकाठी आणि तिरके शीड ही सारी त्या द्वीपसमूहातील दर्यावर्दी लोकांची कारागिरी. कथा भारतातून गेली, पण जहाज त्यांनी आपले कोरले. बौद्ध म्हणून आम्हांला यात कमीपणा वाटत नाही, उलट आनंदच वाटतो.

१९८२ मध्ये फिलिप बील हे ब्रिटिश नौसैनिक बोरोबुदुर पाहण्यास गेले आणि या जहाजाची प्रतिकृती करून समुद्रावर उतरविण्याची कल्पना त्यांच्या मनात आली. दोन दशकांनी ती प्रत्यक्षात उतरली. निक बर्निंगहॅम यांनी रचना ठरविली आणि कांगेआन द्वीपसमूहातील पागेरुंगान कचिल बेटावरच्या असद अब्दुल्ला या वृद्ध सुताराने आपल्या गावच्या कारागिरांसह २००३ मध्ये ते जहाज बांधले. त्याची लांबी सुमारे १८ मीटर असून फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडल्या आहेत. 'समुद्ररक्षा' हे त्याचे नाव. १५ ऑगस्ट २००३ रोजी जाकार्ताहून निघून सेशेल्स, मादागास्कर, केपटाउन असा प्रवास करीत ते फेब्रुवारी २००४ मध्ये घानास पोचले. २००५ पासून ते बोरोबुदुरच्या आवारातील संग्रहालयात आहे. जो यात्रेकरू जहाज पाहतो, तो थोडे चालून तो शिल्पपटही पाहू शकतो. ही सोय आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

आता आपल्याकडे वळू. अजिंठ्याच्या चित्रावरून जहाज बांधण्याचा करार जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात झाला. केरळचे कसबी कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली काथ्याच्या दोरीने फळ्या शिवण्यात आल्या आणि सांधे राळेने बुजविण्यात आले. बांधणीचा कोणताही जुना आराखडा शिल्लक नव्हता, भिंतीवरचे चित्र एवढाच आधार. म्हणून मद्रासच्या आय. आय. टी.त नमुन्यावर चाचण्या घेण्यात आल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे जहाज नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये तेथे पोचले. खिळ्याविना शिवलेले जहाज खुल्या समुद्रात टिकले, हे त्या कारागिरांचे यश आहे. ते आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु या जहाजाचे नाव 'कौंडिण्य' ठेवण्यात आले. बौद्ध वाचकास या नावाने ऋषिपत्तनातील पंचवर्गीय भिक्खूंपैकी धम्म प्रथम जाणणारा कौंडिण्य आठवेल. तो येथे अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे तो आग्नेय आशियात गेल्याची आख्यायिका असलेला दर्यावर्दी कौंडिण्य, ज्याला परंपरा ब्राह्मण म्हणते. शिडांवर गंडभेरुंड व सूर्य, नाळेवर सिंहयाळी, फलकावर हडप्पा धर्तीचा दगडी नांगर. ज्या भिंतीवरून जहाज घेतले, त्या भिंतीची कथा या चिन्हांत नाही. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास हे जातीतून पतित करणाऱ्या कर्मांत गणले आहे. ज्या परंपरेने दर्याला पाप म्हटले तिच्यातले नाव जहाजाला मिळाले, आणि ज्या विहाराने आपल्या भिंतीवर जहाजाला जागा दिली तेथील नाव सुचले नाही. 'पूर्ण' हे नाव अपरिचित नव्हते. सोपाराही मुंबईपासून दूर नाही.

याच संदर्भात चिनी भिक्खू फाहियानची सफर आठवते. पाचव्या शतकाच्या आरंभी जावाहून चीनला परतताना त्याच्या जहाजावर वादळ आले. या श्रमणामुळेच संकट ओढवले, त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे, असे सहप्रवासी ब्राह्मण म्हणू लागले. एका उपासकाने, याला उतरवाल तर मलाही उतरवा, अन्यथा मी राजाकडे तक्रार करीन, असे ठणकावले, म्हणून तो वाचला. जहाजाच्या चित्रावरून त्याच्या लाकडाविषयी पुष्कळ कळते. त्यावर कोण कोणाला समुद्रात सोडू पाहत होते, हे मात्र ग्रंथ वाचल्याशिवाय कळत नाही.

अजिंठ्यास जाणाऱ्या आमच्या अभ्यासकांना म्हणूनच आम्ही आता दोन छायाचित्रे घेण्यास सांगतो. पहिले संपूर्ण भिंतीचे, दूर उभे राहून, झडलेल्या गिलाव्यासह. जहाजाचे त्यानंतर. छायाचित्राच्या पाठीमागे लेण्याचा क्रमांक, भिंतीची दिशा आणि दिनांक लिहावा. मोबाईलवर घेतले असेल तर हीच नोंद वहीत करावी.

परतीच्या वाटेवर सवड असल्यास सोपाऱ्यास जावे. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले आणि दगडी पेटीत भिक्षापात्राचे तुकडे व लहान बुद्धमूर्ती सापडल्या. हे अवशेष आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. गावकरी या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत आले आहेत. दासीपुत्र पूर्णाच्या नगरीतील स्तूपाला बुरुडाचे नाव कसे लाभले, यावर कोणी संशोधन करील तर आम्ही त्याचे स्वागतच करू. मागच्या भेटीत आम्ही तेथेही छायाचित्र घेतले. त्यात विटांचा ढीग आहे, कडेची झाडे आहेत, आणि ज्या विद्यार्थिनीने अजिंठ्यात प्रश्न विचारला होता ती वहीत टिपण करीत उभी आहे.