संशयाचे क्रियापद

व्याकरणाच्या नियमांत इतिहास दडलेला असतो, असे मी म्हटले तर पुष्कळांना ते मास्तरी खूळ वाटेल. पण स्पॅनिश भाषेचे एक उदाहरण पाहावे. ‘तो येतो आहे असे मला वाटते’ हे त्या भाषेत ‘क्रेओ के बिएने’. आणि ‘तो येईल याची मला शंका आहे’ हे मात्र ‘दुदो के बेंगा’. शंकेचा शब्द आला की पुढील क्रियापदाचे रूपच पालटते. आपण ‘येतो’ आणि ‘येत असावा’ म्हणतो, त्याच जातीचा हा भेद.

१४९२ साली आंतोनिओ दे नेब्रिहा याने कॅस्टिलियन भाषेचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात या रूपाला स्थान होतेच. शिवाय राणी इसाबेलाला ग्रंथ अर्पण करताना, भाषा ही साम्राज्याची सहचरी असते, असेही त्याने बजावले. कोलंबसाची गलबते निघाली ती त्याच वर्षी.

पुढे १५११ च्या डिसेंबरात हिस्पानिओला बेटावर मोंतेसिनोस नावाच्या धर्मोपदेशकाने वसाहतवाल्यांना भर प्रवचनात विचारले की, ही माणसे नव्हेत काय? वाद दरबारापर्यंत गेला. १५१३ मध्ये कायदेपंडित पालासिओस रुबिओस याने ‘रेकेरिमिएन्तो’ नावाचा लेख सिद्ध केला. युद्धापूर्वी तो तेथील रहिवाशांना वाचून दाखवावयाचा. तो त्यांना न कळणाऱ्या भाषेत आणि कित्येकदा ओसाड गावांपुढेही वाचला गेला. हसावे की रडावे हे लास कासास या पाद्र्याला कळेना, यात नवल नाही.

या लेखातील क्रियापदे मला फार बोलकी वाटतात. पोपने ही भूमी राजाला दिली, हे विधान साध्या भूतकाळात, निःशंक. युद्ध करीन, बायकापोरांना गुलाम करीन, हेही निश्चयाच्या भविष्यकाळात. संशयाचे जुने भविष्यकालीन रूप येते ते ‘तुम्ही न ऐकाल तर’ येथे, आणि जी मरणे ओढवतील त्यांचा दोष तुमचा, येथे!

ते रूप आज बोलण्यातून गेले. कायद्यात मात्र उरले आहे. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेत मनुष्यवधाच्या कलमात ‘मातारे’, म्हणजे ‘जो कोणी ठार मारील’, असेच क्रियापद आहे.

शंका आल्यावर क्रियापद कसे चालवावे हे व्याकरण सांगते. शंका कशाची घ्यावी हे ते सांगत नाही. मोंतेसिनोसचा प्रश्न तर अगदी साध्या वर्तमानकाळातला होता.