ऑफेल्टीस: चालायला शिकण्याआधीच ‘वीर’ झालेलं ग्रीक बाळ

ग्रीसमधलं नेमिआ म्हटलं की हेराक्लीसने मारलेला सिंह आठवतो. पण तिथल्या प्रसिद्ध क्रीडास्पर्धा ज्याच्या नावाने सुरू झाल्या असं मानलं जायचं, तो होता एक तान्हा मुलगा, ऑफेल्टीस.

कथा अशी. नेमिआचा राजा लायकर्गस याला देववाणीने बजावलं होतं की मूल चालू लागेपर्यंत त्याला जमिनीवर ठेवू नका. बाळाला सांभाळायला होती हिप्सिपिली. ती मूळची लेम्नोस बेटाची राणी, पण नशिबाने दासी झालेली. थीब्सवर चालून निघालेले सात सेनानी तिथे आले आणि त्यांनी तिला पाणी कुठे मिळेल ते विचारलं. झरा दाखवायला जाताना तिने बाळाला रानटी सेलरीच्या गादीवर ठेवलं. पाय जमिनीला लागू नयेत एवढी काळजी तिने घेतली होती. तरीही साप आला, आणि बाळ गेलं.

सैन्यासोबतच्या ॲम्फिअरॉस या भविष्यवेत्त्याने हा अपशकुन ओळखला. बाळाला नवं नाव मिळालं: आर्केमोरोस, म्हणजे ‘विनाशाची सुरुवात’. पुढे थीब्सच्या युद्धात सातांपैकी एकटा ॲड्रास्टस वाचला. त्या सेनानींनी बाळाच्या अंत्यविधीला ज्या शर्यती लावल्या, त्याच नेमिअन स्पर्धा, असं ग्रीक सांगत.

इतिहासात या स्पर्धा इ.स.पू. 573 पासून दर दोन वर्षांनी भरत. पंच काळे कपडे घालत आणि विजेत्याला सेलरीचा मुकुट मिळे. ग्रीक लोक सेलरी थडग्यांवर वाहत. मरणाला टेकलेल्या माणसाबद्दल ‘याला आता सेलरीच लागणार’ असं ते म्हणत. म्हणजे विजयाचा मुकुटही सुतकातलाच!

इथे ‘हीरो’ या शब्दाचा ग्रीक अर्थ लक्षात घ्यायला हवा. त्यासाठी पराक्रम लागतोच असं नाही. थडग्यात असूनही ज्याच्यात शक्ती आहे आणि ज्याला शांत ठेवावं लागतं, असा मृत म्हणजे हीरो. एक पाऊलही न टाकलेलं बाळ या व्याख्येत अगदी बसतं.

दुसऱ्या शतकात पॉसानिअस नेमिआला गेला, तेव्हा झ्यूसच्या मंदिराचं छप्पर कोसळलेलं होतं. ऑफेल्टीसचं थडगं, भोवतीची दगडी भिंत आणि आतल्या वेदी मात्र त्याने नोंदवल्या आहेत. उत्खननात मंदिराजवळ वाकड्यातिकड्या पाच बाजूंचं एक आवार सापडलं. ते याच बाळाचं स्थान मानलं जातं.

1996 मध्ये नेमिआच्या प्राचीन स्टेडियममध्ये या स्पर्धा पुन्हा भरवण्यात आल्या. कोणीही सामान्य माणूस त्यात अनवाणी धावू शकतो.