नर्द, शतरंज आणि न संपणारा डाव

इ.स. 813 मध्ये बगदादला वेढा पडला होता. आत खलिफा अल-अमीन आणि बाहेर त्याचा सावत्र भाऊ अल-मामूनचे सैन्य. या वेढ्याची एक कथा बुद्धिबळाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. शहर हातचे चालले आहे असा निरोप घेऊन दूत आला, तेव्हा खलिफा आपल्या कौसर नावाच्या सेवकाशी शतरंज खेळत होता. त्याने दूताला थांबायला सांगितले, कारण त्याला डावात मात दिसत होती. पुढे शहर पडले आणि अल-अमीन मारला गेला. कथेत मीठमसाला असेलच. हरलेल्या राजाचा इतिहास बहुधा जिंकलेल्याच्या दरबारात लिहिला जातो. तरीही ती बाराशे वर्षे टिकली, कारण 'एवढा डाव संपू दे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले असते.

दुसरी कथा आपल्या अधिक ओळखीची. 1856 मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले. त्या पार्श्वभूमीवर प्रेमचंदांनी 1924 मध्ये 'शतरंज के खिलाडी' लिहिली. 1977 मध्ये सत्यजित राय यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यातले मिर्झा आणि मीर खरे राज्य बुडताना पटावरचे राज्य वाचवत बसतात.

दोन्ही कथांचा निवाडा एकच आहे : दोष खेळणाऱ्याचा. तो विलासी, बेजबाबदार, नादी. रात्री दोन वाजता पांघरुणात मोबाइल धरून बसलेल्या मुलाबद्दल आपण आजही हाच निवाडा देतो. पण अल-अमीनचा पट आणि या मुलाचा पडदा यांत मोठा फरक आहे. शतरंजच्या पटामागे तिसरा कोणी बसलेला नव्हता. डाव लांबण्यात कुणाची कमाई नव्हती. तो तिसरा माणूस केव्हा आला आणि त्याने खेळात काय बदलले, हे पाहिल्याशिवाय मुलांच्या या नादाचा उलगडा होत नाही.

खेळ माणसाला धरून ठेवतो, ही चिंता इस्लामी परंपरेत पहिल्यापासून आहे. इस्लामपूर्व अरबांत 'मैसिर' नावाचा जुगार चाले. उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे बाण काढून ठरवले जात. कुरआनने दारूबरोबर मैसिरलाही मनाई केली आणि सूरह अल-माइदात (आयत 90-91) तिची कारणेही दिली. त्यांचा आशय असा की यातून माणसामाणसांत वैर येते आणि माणूस ईश्वराच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखला जातो. म्हणजे पैसा गेला एवढाच मुद्दा नाही. माणसाचे लक्ष आणि वेळ कुठे गेला, हाही मुद्दा आहे.

नर्द, म्हणजे फाशांचा खेळ, हदीसने स्पष्टपणे निषिद्ध ठरवला. शतरंजबद्दल मात्र उलेमांत मतभेद झाले. हनफी, मालिकी आणि हंबली परंपरांचा कल मनाईकडे राहिला. इमाम शाफिई (मृत्यू इ.स. 820) हे अल-अमीनचे समकालीन. त्यांनी शतरंजला हराम न म्हणता मकरूह, म्हणजे नापसंत, मानले. त्यांच्या परंपरेतल्या फकीहांनी त्याला अटीही घातल्या : पैजेचा पैसा नको, तोंडी शिवीगाळ नको आणि खेळापायी नमाजची वेळ चुकता कामा नये. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफिई मसलकचे, तर उरलेल्या महाराष्ट्रातले बहुसंख्य हनफी. त्यामुळे हा जुना मतभेद आपल्या घरांपर्यंत आलेला आहे.

या अटींतली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खेळ किती तास खेळलास, असे ती विचारत नाही. खेळाने कशाची जागा घेतली, असे विचारते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

दहाव्या शतकातला इतिहासकार अल-मसऊदी याने या दोन खेळांबद्दल एक मार्मिक मत नोंदवून ठेवले आहे. शतरंज शोधणारा माणूस इच्छास्वातंत्र्य मानणारा मुतझिली असला पाहिजे आणि नर्द शोधणारा नशीबवादी, असे ते मत. शतरंजमध्ये हरलात तर चूक तुमची. नर्दमध्ये हरलात तर फाशांची. माणसाला धरून ठेवण्याच्या दोन वेगळ्या रीती इथे दिसतात. शतरंज म्हणतो, 'थोडक्यात चुकलास, पुढच्या वेळी जमेल.' नर्द म्हणते, 'कुणी सांगावे, पुढचे दान तुझे असेल.' हजार वर्षांपूर्वी या दोन दोऱ्या वेगवेगळ्या खेळांत होत्या. त्यांचा पीळ एकत्र वळला गेला, तो विसाव्या शतकात.

त्याआधी अकबराच्या दरबारात एकदा डोकावू. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त चौपडीचे वर्णन केले आहे. कधी कधी दोनशेहून अधिक माणसे खेळात असत आणि सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नसे. हे प्रकरण काही वेळा तीन महिने चाले! वाचून हसू येते. तरी त्या जबरदस्तीतही सोळा हा आकडा होता. सोळावा डाव संपला की माणूस सुटत असे.

आता यंत्राकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, चार्ल्स फे याने नाणे टाकून दांडा ओढायचे जुगारयंत्र बनवले. आता समोर प्रतिस्पर्धी नको, पट मांडणे नको, हरलेल्याची चेष्टा नको. नाणे, दांडा, निकाल; पुन्हा नाणे. दोन डावांमधली उसंत या यंत्राने जवळजवळ संपवली.

हे यंत्र माणसाला का खिळवून ठेवते, याचे उत्तर कबुतरांनी दिले. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी चकतीवर चोच मारली की दाणा मिळेल अशी पेटी केली. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळत असेल, तर कबुतर दाणा खाऊन जरा विसावे. पण कितव्या टोचीला दाणा पडेल याचा नेमच ठेवला नाही, की ते न थांबता टोचत राही. दाणे बंद केल्यावरही बराच वेळ टोचत राही. स्किनर आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ 1957 चा. जुगाराशी असलेले याचे साम्य स्किनर यांनी स्वतःच दाखवून दिले होते. पुढे मेंदूविज्ञानाने त्यात भर घातली. मेंदूतले डोपामाइन हे रसायन निव्वळ सुखापेक्षा अपेक्षेशी अधिक जोडलेले आहे. अनपेक्षित लाभ झाला की ते उसळते. मिळेल की नाही, या टांगणीलाच मेंदू जागा असतो. 1998 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी आठ जणांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावून, खेळताना मेंदूत डोपामाइन स्रवते हे दाखवले.

व्हिडिओ गेमचा धंदा इथून सुरू होत नाही, पण इथे येऊन मिळतो. 1978 मध्ये जपानच्या ताइतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. तो तोमोहिरो निशिकादो यांनी बनवला होता. पडद्यावर शत्रू जास्त असले की त्या काळच्या चिपला सगळे झेपत नसे. शत्रू कमी झाले की उरलेले जोरात पळत. ही यंत्राची मर्यादाच खेळाची गंमत ठरली. हा खेळ जिंकून संपवता येत नसे. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला खेळाडू काही मिनिटांत हरायला हवा होता, पण 'माझीच चूक झाली, पुन्हा बघतो' असे वाटून त्याने दुसरे नाणे टाकायलाही हवे होते. 1981 मध्ये ब्रिटिश संसदेत जॉर्ज फॉक्स या खासदाराने या खेळांवर नियंत्रण आणण्याचे विधेयक मांडले. ते 94 विरुद्ध 114 मतांनी पडले. आजची काळजी किती जुनी आहे, ते यावरून कळावे.

पुढचा सगळा इतिहास पैशाच्या वाटेने वाचला तर चटकन समजतो. खेळाचा पैसा ज्या रीतीने मिळतो, तसा खेळाचा आकार बदलतो. घरच्या टीव्हीला लावायची कॅसेट एकदाच विकली जाई, म्हणून त्या खेळाला शेवट असे. 1985 च्या 'सुपर मारियो'मध्ये राजकन्या सापडली की खेळ संपला. नव्वदच्या दशकात आपल्या गल्लीतली मुले कॅसेट अदलाबदल करून खेळत, तेव्हा एक खेळ संपला म्हणूनच दुसरा मागितला जाई. नंतर इंटरनेटवरचे महिन्याच्या वर्गणीचे खेळ आले : 1999 चा 'एव्हरक्वेस्ट', 2004 चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. वर्गणी चालू राहायची तर खेळ संपून चालणार नव्हते. त्यात टोळीने खेळायचे, म्हणून मध्येच उठणे म्हणजे सोबत्यांना दगा देणे. 'एव्हरक्वेस्ट'ला खेळणाऱ्यांनीच एका अमली पदार्थाच्या नावावरून टोपणनाव ठेवले होते.

मग फुकट खेळ आले. फुकट म्हणजे तुमच्या परत येण्यावर धंदा. 2009 च्या 'फार्मव्हिल'मध्ये लावलेले पीक वेळेवर कापले नाही तर सुकून जाई. 2012 च्या 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव. ते संपले की नव्या जीवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. आता खेळच घड्याळ लावू लागला. आणि शेवटी आली बंद पेटी : पैसे द्या, उघडा, आत काय निघेल ते नशीब. नेमबाजी तुमची, डावपेच तुमचे, पण बंदुकीवरचा रंग आणि अंगावरचा पोशाख फाशांच्या हाती. अल-मसऊदीच्या भाषेत सांगायचे तर शतरंजच्या पटाखाली नर्द लपवली. वरून पाहणाऱ्याला कौशल्य दिसते, म्हणून त्याला कुणी मैसिर म्हणत नाही.

सरकारांच्या हे उशिरा का होईना, लक्षात आले. जपानने 2012 मध्ये अशा पेट्यांचा एक प्रकार बेकायदा ठरवला. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे देऊन घ्यायच्या पेट्या जुगार मानल्या. अमेरिकेत 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्स कंपनीवर 2022 मध्ये 52 कोटी डॉलरची तडजोड करण्याची वेळ आली, त्यातले 24.5 कोटी डॉलर फसव्या मांडणीमुळे नकळत खरेदी झालेल्या ग्राहकांना परत करण्यासाठी होते. भारताने सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी घातली, पण ती देशाच्या सुरक्षेच्या नावाने. 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. वेळ लावून वेळ हरण्यावर तो नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. खेळणारे बहुतेक जण व्यसनी होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या नव्या यादीत घेतले, तेव्हा काही अभ्यासकांनी त्यावर हरकतही घेतली होती. पण त्या व्याख्येचे निकष वाचण्यासारखे आहेत. खेळावर ताबा न राहणे, खेळ इतर कामांच्या आणि आवडींच्या पुढे जाणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे. आणि हे साधारण वर्षभर दिसायला हवे. यात तासांचा आकडा कुठेच नाही. खेळाने कशाची जागा घेतली, हाच मुख्य प्रश्न आहे. शाफिई फकीहांनी नमाजच्या वेळेची अट घातली, तीही याच जातीची. दोन्हींचा पाया वेगळा आहे. एक श्रद्धेचा, एक वैद्यकाचा. पण माणसाकडे पाहण्याची नजर जुळते.

जागा घेतली म्हणजे कधीकधी ती रिकामी होती, असाही अर्थ होतो. खेळात मेहनतीचे फळ लगेच मिळते, नियम सर्वांना सारखे असतात, नाव-आडनाव कुणी विचारत नाही आणि टोळीत तुमची वाट पाहिली जाते. अभ्यास करूनही पुढे काय, हे ज्याला दिसत नाही, ज्याच्या मोहल्ल्यात मैदान नाही आणि वाचनालयाला कुलूप आहे, त्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. त्याच्या हातातून फोन ओढून घेणे सोपे. त्या जागी काय ठेवणार, ते ठरवणे अवघड. जुम्याच्या बयानात मोबाइलवर टीका ऐकू येते. तिच्याबरोबर मशिदीच्या नाहीतर जमातीच्या जागेत संध्याकाळची अभ्यासिका उघडावी, कॅरमचा बोर्ड मांडावा, असे कुणी म्हणाले तर ते अधिक उपयोगी पडेल.

घरात करण्यासारखे एक साधे काम आहे. मूल कोणता खेळ खेळते, ते त्याच्या शेजारी बसून पाहावे आणि तीन गोष्टी शोधाव्यात : हा खेळ संपतो का, आपण नसताना तो आपले नुकसान करतो का, आणि त्यात कुठे बंद पेटी आहे का. तिन्हींची उत्तरे मुलाला माहीत असतात. फक्त त्याला कुणी विचारलेले नसते. संपणारा खेळ खेळू द्यावा, अगदी मनसोक्त. सोळा डाव झाले तरी हरकत नाही.

अल-अमीनला दोष देणे योग्यच होते. त्याच्या हाती राज्य होते आणि पट कुणीही उधळू शकत होता. तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र असा पट आहे, जो त्याने उठू नये म्हणून पगारी माणसे रोज नव्याने मांडतात. निवाडा करताना त्यांनाही समोर उभे करायला हवे.